अ‍ॅनीबाईंना कुणी शिकवलं?

प्रश्न : सर, मी राजारामपुरीतल्या एका शाळेत सातवीला शिकवते. दिसत नाही, ऐकू येत नाही अशा हेलन केलरची गोष्ट सांगत होते. पंपाचं पाणी एका हातावर, दुसऱ्या तळहातावर तिच्या बाई अ‍ॅनी सुलिव्हन ‘पाणी’ अशी अक्षरं गिरवतात, इथपर्यंत वर्ग अगदी गप्प होता. मग मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “बाई, पण अ‍ॅनीबाईंना हे कुणी शिकवलं?” मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगाल का?

उत्तर : बाई, त्या मुलीला माझा आशीर्वाद सांगा. कोल्हापुरात अंध मुलांना मी एकतीस वर्षं शिकवलं, हेलन केलरचं नाव दर वर्षी घेतलं, पण हा प्रश्न मला एकाही मुलानं विचारला नाही.

आधी एक दुरुस्ती. अ‍ॅनीबाईंनी अक्षरं गिरवली नव्हती. त्यांनी वापरली ती बोटांची लिपी. तीत प्रत्येक अक्षराला बोटांची एक ठरलेली ठेवण असते. तशी बोटं करून हात समोरच्याच्या मुठीत द्यायचा आणि त्यानं चाचपून अक्षर ओळखायचं. अ‍ॅनीबाई ही लिपी बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत शिकल्या, आणि शिकल्या त्या तिथं राहणाऱ्या लॉरा ब्रिजमन यांच्याशी बोलता यावं म्हणून. लॉराबाई तेव्हा पन्नाशीच्या पुढं होत्या. त्यांना दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, वास आणि चवसुद्धा जवळजवळ नव्हती. त्यांना भाषेपर्यंत आणणारे डॉ. सॅम्युअल ग्रिडली हाऊ. म्हणजे हेलनच्या गुरू अ‍ॅनी, अ‍ॅनीला हाताची भाषा मिळाली ती लॉरामुळं, आणि लॉराचे गुरू हाऊ. मुलीला एवढं सांगितलंत तरी तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं. पण मला पुढचंही सांगायचं आहे, कारण हा माणूस माझ्या डोक्यातून कधी जात नाही.

हाऊंचा जन्म १८०१ सालचा, बोस्टनचा. वडील दोरखंड बनवत. मुलगा हार्वर्डमधून १८२४ साली डॉक्टर झाला, पण दवाखाना थाटून बसला नाही. ग्रीक लोक तुर्कांशी स्वातंत्र्यासाठी लढत होते, तिकडं गेला. तिथं जखमा शिवल्या आणि लढाईतही उतरला. नंतर अमेरिकेतून धान्य, कपडे आणि पैसा गोळा करून पुन्हा गेला. एजिना बेटावर निर्वासितांची रीघ लागलेली होती. हाऊंनी धान्य नुसतं वाटलं नाही. बंदराचा धक्का बांधायचं काम काढलं आणि कामावर आलेल्याला धान्य दिलं. ७२ च्या दुष्काळात आपल्याकडं खडी फोडायला आणि रस्त्यावर गेलेल्या माणसांना यातलं शहाणपण वेगळं सांगायला नको.

बोस्टनमध्ये अंधशाळा काढायची म्हणून १८२९ साली सरकारदरबारी नोंद झाली होती, पण ती चालवायला माणूस नव्हता. १८३१ साली हाऊंना नेमलं. ते आधी युरोपातल्या शाळा बघायला गेले. वाटेत पोलंडच्या निर्वासितांना पैसे पोचवायचं काम अंगावर घेतलं आणि बर्लिनमध्ये काही आठवडे तुरुंगात बसून आले. १८३२ साली वडिलांच्याच घरात शाळा सुरू झाली. पहिल्या मुलींत अँडोव्हर गावच्या दोघी बहिणी होत्या, एक आठ वर्षांची, एक सहा. पुढं पर्किन्स नावाच्या व्यापाऱ्यानं आपला वाडा शाळेला दिला, म्हणून शाळेला त्याचं नाव. त्याच्या पैशात गुलामांच्या आणि अफूच्या व्यापाराचाही पैसा होता. हे मी माझ्या मुलांना सांगत आलो, लपवलं नाही.

लॉरा न्यू हॅम्पशायरमधल्या शेतकऱ्याची मुलगी. दोन वर्षांची असताना लाल पुरळाचा ताप आला, त्यानं डोळे आणि कान नेले. १८३७ च्या ऑक्टोबरात ती बोस्टनला आली तेव्हा आठवं वर्ष चालू होतं. ज्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही त्याला भाषा शिकवता येत नाही, असंच शहाणेसुरते लोक तेव्हा मानत.

हाऊंनी चमचा, किल्ली, सुरी अशा रोजच्या वस्तू घेतल्या. प्रत्येकीवर तिच्या नावाची उठावाची अक्षरं असलेली कागदाची पट्टी चिकटवली. लॉरानं वस्तू चाचपायची आणि पट्टी चाचपायची. मग सुट्या पट्ट्या दिल्या, तर ती बरोबर त्या त्या वस्तूवर ठेवायला लागली. मग एकेक अक्षर सुटं केलं आणि तिनंच जुळवून शब्द करायचा. हे कित्येक आठवडे चाललं, आणि हाऊंना कळत होतं की पोरगी नुसती नक्कल करते आहे. त्यांनी लिहून ठेवलंय त्याचा मतलब असा : खोल अंधाऱ्या आडात एकटं माणूस आहे, आणि आपण वरून दोर सोडून हलवत बसलोय, कधीतरी त्याच्या हाताला लागेल म्हणून. दोरखंडवाल्याच्या मुलाला हीच उपमा सुचावी! मी ही ओळ पहिल्यांदा ऐकली तेव्हा वाचून दाखवणाऱ्याला थांबायला सांगितलं होतं.

आणि एके दिवशी तो दोर हाताला लागला. ही अक्षरं म्हणजे आपल्या मनातलं दुसऱ्याला सांगायची खूण आहे, हे तिला उमगलं. हाऊंनी ते तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. हेलनच्या पंपाच्या आधी जवळजवळ पन्नास वर्षं हे घडून गेलं होतं.

१८४२ साली चार्ल्स डिकन्स लॉराला भेटून गेले आणि आपल्या प्रवासवर्णनात तिच्याबद्दल लिहिलं. अलाबामात हेलनच्या आईनं ते वाचलं, म्हणून तिला समजलं की आपल्या लेकीसाठी कुठंतरी वाट आहे. पण या प्रसिद्धीत लॉराचं काय झालं तेही मुलांना सांगा. शाळेत प्रेक्षक यायचे आणि ती मधे बसायची. मी लहानपणी ज्या वसतिगृहात होतो तिथंही देणगीदार आले की आम्हाला ओळीनं उभं करून गाणं म्हणायला लावत. त्या वेळी कानावर पडणारी चुकचुक कशी असते ते मला ठाऊक आहे. पुढं लॉरा आपल्या अपेक्षेसारखी घडली नाही म्हणून हाऊंचं लक्षही तिच्यावरून उडालं. ती शिवणकाम, विणकाम करत त्याच शाळेत राहिली आणि १८८९ साली वारली. ती तिथं तशी राहिली म्हणूनच अ‍ॅनीला भेटली.

आता ब्रेलबद्दल. हाऊंची एक चूक आहे आणि ती माझ्या बोटांशी संबंधित आहे.

हाऊ पॅरिसच्या अंधशाळेत जाऊन आले होते. लुई ब्रेल त्या वेळी तिथंच शिकवत होते आणि त्यांची ठिपक्यांची लिपी १८२९ सालीच छापली गेली होती. तरी हाऊंनी ठिपके घेतले नाहीत. त्यांनी साधी रोमन अक्षरंच कोनदार करून उठावानं छापली. त्याला बोस्टन लिपी म्हणत. त्यांचा विचार असा की डोळसाला आणि अंधाला एकच अक्षर हवं, वेगळी लिपी केली की अंध माणूस चारचौघांतून तुटेल. विचार चांगल्या मनाचा आहे. पण अक्षर बोटाला कसं लागतं हे त्यांनी डोळ्यानं ठरवलं. काम हाती घेतल्यावर ते डोळ्यांवर पट्टी बांधून वावरून बघत, असं सांगतात. पट्टी बांधली की अंधार कळतो. बोटं मात्र डोळस माणसाचीच राहतात.

माझे वडील सुतार होते, राधानगरीच्या बाजूला आमचं गाव. सातव्या वर्षी मला देवी आल्या आणि त्यात डोळे गेले. वडिलांनी सागाच्या फळीवर अ, आ, इ, ई कोरून काढली, हाताला लागतील अशी. संध्याकाळी काम संपलं की मला मांडीवर घेऊन म्हणायचे, “बोटानं बघ की रं, काय लागतंय सांग.” मला काय लागायचं? सगळ्या अक्षरांवर शिरोरेषा. बोट आधी त्या रेघेवरच घसरायचं, आणि खाली गेलं की ‘घ’ आणि ‘ध’ एकच, ‘भ’ आणि ‘म’ एकच. वर्षभरात मी जेमतेम वीस अक्षरं ओळखायला शिकलो, एकेकाला मिनिटभर लागायचं. लिहिणं तर नव्हतंच, रंधा आणि पटाशी घेऊन कोण लिहिणार! माझ्या वडिलांनी जे प्रेमानं केलं तेच हाऊंनी केलं. त्या फळ्या अजून माझ्या माळ्यावर आहेत. मी त्यांना कधी दोष दिला नाही.

नऊ वर्षांचा असताना कोल्हापुरात गुरुजींनी माझं बोट कागदावर ठेवलं. एक ठिपका. म्हणाले, हा अ. पुढं म्हणाले, आता दोन घरं चाचप, काय आहे? ते ‘आई’ होतं. घर म्हणजे एका अक्षराच्या ठिपक्यांची जागा. ब्रेलमध्ये ‘आई’ दोन घरांत मावते, बोटाच्या एका सरकण्यात. आठवडाभरात मी पाटी आणि टोचणी घेऊन उजवीकडून डावीकडं ठिपके टोचत होतो, कागद उलटा करून स्वतः लिहिलेलं स्वतः वाचत होतो. बोस्टन लिपीत मुलं वाचायची, पण लिहू शकत नव्हती. माझ्या मते खरा फरक इथंच आहे. जो नुसता वाचतो तो दुसऱ्यानं दिलेलं घेतो.

अमेरिकेत ब्रेल पहिल्यांदा घेतली ती मिसुरीच्या अंधशाळेनं, १८६० साली. नंतर न्यूयॉर्कची वेगळी ठिपक्यांची लिपी निघाली, आणखी एक अमेरिकन ब्रेल निघाली. भांडणं विसाव्या शतकापर्यंत चालली. मुलांना एकेका पुस्तकासाठी वेगवेगळ्या लिप्या शिकाव्या लागल्या. आपल्याकडंही आधी तसंच होतं. १९५१ साली सगळ्या भारतीय भाषांसाठी एक भारती ब्रेल ठरली आणि माझी पिढी त्यातून सुटली.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही डॉ. हाऊ यांना ‘डॉक्टर आणि आमदार’ म्हटलं होतं. मी वैद्यकीय शिक्षणाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरचे म्हणतात, डॉक्टरनं राजकारणाच्या नादी लागू नये. हाऊंनी आमदार होऊन असं काय केलं? – एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : ते आमदार होते तो काळ थोडा. १८४३ साली मॅसॅच्युसेट्स राज्याच्या विधानसभेत बसले. आपल्याकडं सामानगडावर गडकऱ्यांचं बंड उभं राहिलं त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. डोरोथिया डिक्स या शिक्षिकेनं राज्यातले तुरुंग आणि अनाथ-दरिद्री लोकांची आश्रयघरं फिरून पाहिली होती. मनोरुग्णांना पिंजऱ्यात, तळघरात, साखळीला बांधून ठेवलेलं तिनं गावांच्या नावानिशी लिहून आणलं. बाईमाणसाला सभागृहात बोलता येत नव्हतं. तिचं निवेदन हाऊंनी मांडलं, त्यावरच्या समितीचं काम पाहिलं, आणि वूस्टरचं सरकारी मनोरुग्णालय वाढवायचा ठराव झाला. लिहिलं तिनं, पण ते सभागृहात न्यायला एक आमदार लागला.

१८४६ साली संसदेची निवडणूक हरले. पण त्याच वर्षी मतिमंद मुलांची पाहणी करायला राज्यानं आयोग नेमला, त्याचं काम हाऊंनी केलं. त्यातून १८४८ साली अशा मुलांसाठी शाळा निघाली, सरकारनं वर्षाला अडीच हजार डॉलर तीन वर्षांसाठी दिले. सरकारच्या पैशानं चालणारी तशी शाळा अमेरिकेत त्याआधी नव्हती.

आता तुम्ही नीट ऐकावं अशी गोष्ट सांगतो. १८६३ साली राज्यानं धर्मादाय संस्थांवर देखरेखीसाठी मंडळ नेमलं. अमेरिकेत असं मंडळ पहिलंच. १८६५ पासून हाऊ त्याचे अध्यक्ष, आणि सुरुवातीचे चिटणीस फ्रँक सॅनबॉर्न. ९ जानेवारी १८७६ ला हाऊ वारले. पुढच्याच महिन्यात ट्यूक्सबरीच्या सरकारी आश्रयघरात दोन पोरकी भावंडं दाखल झाली. भाऊ तीन महिन्यांतच गेला. बहीण डोळ्यांनी अधू, निरक्षर. चार वर्षांनी १८८० साली सरकारी पाहणीला सॅनबॉर्नच तिथं आले. ती पोरगी त्यांच्या मागं लागली, मला शाळेत जायचंय म्हणून ओरडली. तिला पर्किन्समध्ये पाठवलं. ती अ‍ॅनी सुलिव्हन.

हाऊ आणि अ‍ॅनी कधी भेटले नाहीत. पण पाहणीला माणूस पाठवायची पद्धत हाऊंच्या मंडळानं घालून दिली नसती, तर त्या आश्रयघरात कुणाच्या मागं लागायचं हेच त्या पोरीला कळलं नसतं. आपल्याकडं शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा एकेका मुलाला मांडीवर घेऊन शिकवलं नव्हतं, हुकूम काढला होता. माझ्या आजोबांना लिहिता येत होतं ते त्या हुकमामुळं. तुम्ही वॉर्डात एका वेळी एक रुग्ण तपासाल. तो तपासायला वॉर्ड असावा, औषध असावं, हे कुठंतरी ठरतं. तिथं डॉक्टर बसला तर बिघडलं काय?

हाऊंच्या बाकीच्या राजकारणाबद्दल थोडक्यात. ते गुलामगिरीचे कट्टर विरोधक. जॉन ब्राऊनच्या सशस्त्र उठावाला ज्या सहा जणांनी गुपचूप पैसा पुरवला त्यांत हाऊ आणि सॅनबॉर्न दोघे होते. १८५९ साली उठाव फसला तेव्हा हाऊंनी जाहीरपणे हात झटकले आणि कॅनडाला गेले. मला ते पटत नाही. आणि घरी, जूलिया वॉर्ड हाऊ या कवयित्रीशी लग्न करून तिनं कविता छापू नयेत असा धाक घातला. मुक्या मुलीला भाषा देणाऱ्या माणसाकडून हे झालं, याचा मला राग येतो. तिनं तरी लिहिलं, आणि पुढं देशभर तिचं गीत लोकांच्या तोंडी बसलं.

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. नजर कमी कमी होत चालली आहे. गावातले गुरुजी म्हणतात, कोल्हापूरच्या अंधशाळेच्या वसतिगृहात ठेवा. त्याची आई तयार नाही, रोज रडते. काय करावं? – एक पालक, गारगोटी

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी नातीकडून दोनदा वाचून घेतलं.

वर ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या हाऊंनी चाळीसेक वर्षं अंधांची निवासी शाळा चालवली. १८६६ साली न्यूयॉर्क राज्यात बटाव्हियाला नव्या अंधशाळेची कोनशिला बसवताना त्यांना भाषणाला बोलावलं. त्या समारंभात उभं राहून ते म्हणाले की सारख्या व्यंगाची माणसं एका छपराखाली कोंडणं हे चांगलं नाही. अशा संस्था कमीत कमी असाव्यात, लहान असाव्यात, आणि मुलांनी जमेल तितकं घरात आणि गावात वाढावं. आपणच उभारलेल्या गोष्टीबद्दल असं बोलायला धैर्य लागतं. त्यांची भीती खरी ठरली. मतिमंद मुलांची त्यांनी लहान प्रमाणात सुरू केलेली शाळा विसाव्या शतकात दोन हजारांवर माणसं कोंडणारी संस्था झाली. १९४० आणि ५० च्या दशकांत तिथल्या मुलांना न सांगता किरणोत्सारी द्रव्य घातलेली लापशी खायला घालून प्रयोग झाले. २०१४ साली ती बंद झाली.

मी मात्र वसतिगृहातच घडलो. गावात राहिलो असतो तर ब्रेल मिळाली नसती. त्या काळी दुसरी वाट नव्हती. तुमच्या मुलाला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं चाळीस टक्के आणि त्यावर अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा हवी तर विशेष शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. निवड तुमची, गुरुजींची नाही.

पहिलं काम, या आठवड्यात सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, डोळे दाखवा. नजर का जाते आहे हे कळल्याशिवाय शाळेचं ठरवू नका. काही आजार थांबवता येतात, आणि उशीर महाग पडतो. त्याच फेरीत अपंगत्वाच्या दाखल्याची चौकशी करा. दुसरं, तालुक्याला गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीत जाऊन विशेष शिक्षक गावच्या शाळेत कधी येतो ते विचारा आणि मुलाचं नाव लिहून घ्या. विशेष शिक्षक नियमित येत असेल, तर मूल आईजवळ ठेवा. येत नसेल, तर अंधशाळा बघायला आईला सोबत घेऊन या. तिला मुलांच्या पंगतीत जेवायला बसवा, रात्री मुलं कुठं झोपतात ते बघू द्या. मग तिलाच ठरवू द्या.

तिसरं, आणि यात माझं ऐकाच. थोडी नजर आहे तोवर ब्रेल शिकवा. आई-बाप म्हणतात, अजून दिसतंय की, मोठ्या अक्षरांवर चालेल. आता बोटं सात वर्षांची आहेत, कोवळी आहेत. मोबाइल बोलून वाचून दाखवतो हे खरं, मीही रोज त्यावरच ऐकतो. पण शुद्धलेखन कानानं येत नाही, आणि परीक्षेत लेखनिक घेतला तरी काय लिहायचं ते पोराच्या डोक्यात हवं.

पाटी आणि टोचणी माझ्याकडं जादा आहे. पत्ता आणि फोन संपादकांकडं ठेवला आहे, तो घ्या आणि येताना मुलाला आणा. त्याच्या आईलाही आणा. ‘आई’ हा शब्द दोन घरांचा आहे, चहा होईपर्यंत शिकून होईल.